मूल शाळेला दांडी मारतं तेव्हा कायदा जाब कुणाला विचारतो?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा बारा वर्षांचा, खासगी अनुदानित शाळेत सातवीत. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून पाच आठवडे झाले, रोज डबा घेऊन घरातून निघतो, पण शाळेत आठवड्यातून जेमतेम दोन दिवस पोहोचतो. बाकीचे दिवस स्टँडजवळच्या गॅरेजवर पाने-पकडी उचलून देतो आणि मालक त्याच्या हातावर पन्नास-शंभर रुपये ठेवतो. वडील रात्रपाळीला असल्यामुळे घरी उशिरा कळलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "नाव कमी करतो, दाखला घेऊन जा. नाहीतर पोलिसांत कळवावं लागेल आणि दंड तुम्हालाच बसेल." थोरली मुलगी दहावीत आहे, आजारपणात तिची हजेरी साठ टक्क्यांवर आली आहे. वडिलांनी विचारलंय: मला खरंच दंड होऊ शकतो का? शाळा नाव काढू शकते का? आणि मुलीला परीक्षेला बसू देतील ना?

दंडाची भीती, पटावरून नाव जाण्याची भीती आणि गॅरेजमधलं काम असे तीन धागे या प्रश्नात एकमेकांत गुंतले आहेत. त्यांतला पहिला सर्वांत जास्त घाबरवतो आणि त्यात सर्वांत कमी दम आहे. तिसऱ्याकडे तुमचं लक्ष कमी गेलेलं दिसतं, पण कायद्याच्या नजरेत सर्वांत गंभीर तोच आहे.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते आधी सांगतो. मुलाचं वय ही पहिली गोष्ट. ६ ते १४ या वयाला 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' लागू आहे, त्यापुढे नियम पार बदलतात. त्यामुळे तुमच्या एकाच घरातल्या दोन मुलांना दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसरी गोष्ट शाळेचा प्रकार. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर हा कायदा तिला लागू होत नाही, आणि खाली सांगितलेल्या बऱ्याच कलमांचा आधार तिथे थेट घेता येणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मूल शाळेऐवजी कुठे जातं. नदीवर पोहायला जाणारं मूल आणि कामावर जाणारं मूल यांच्याकडे कायदा एकाच नजरेने पाहत नाही.

आता दंड. कायद्याच्या नावात 'सक्तीचे' हा शब्द आहे, आणि तो वाचून बहुतेकांना वाटतं की सक्ती मुलावर किंवा पालकावर आहे. कलम ८ मध्ये या शब्दाचा अर्थ स्पष्ट दिला आहे. प्रत्येक बालकाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करण्याचं बंधन शासनावर आहे. कलम ९ तेच बंधन स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्यावर टाकतं. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची आणि त्यांच्या हजेरीवर लक्ष ठेवायचं हे त्यांचं काम. कलम २४ शिक्षकाला सांगतं की पालकांच्या नियमित सभा घे आणि मुलाच्या हजेरीबद्दल त्यांना माहिती दे. पालकांसाठी आहे ते कलम १०. त्यात बालकाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते मोडल्यास शिक्षा किंवा दंड काहीही लिहिलेलं नाही. म्हणजे या कायद्याखाली मुलाच्या गैरहजेरीबद्दल तुमच्याकडून एक रुपयाही दंड घेता येत नाही. मुलाला तर नाहीच, कारण शाळेला दांडी मारणं हा आपल्याकडे गुन्हाच नाही.

मुख्याध्यापकांना दंडाची कल्पना कुठून आली असेल, तेही समजण्यासारखं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. पुढे मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ मध्येही पालकाला हजेरीचा आदेश देण्याची आणि न पाळल्यास किरकोळ दंडाची सोय होती. जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात ती आठवण अजून डोकावते. पण २००९ च्या कायद्याने विचार उलटा केला, आणि माझ्या मते बरोबर केला. जो बाप दिवसाच्या मजुरीवर घर चालवतो त्याला दंड लावला, तर तो भरण्यासाठी मूल आणखी चार दिवस कामावर जातं. महाराष्ट्रात १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालच्या आणि मागास प्रवर्गांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, त्यामागेही हाच विचार होता.

परदेशातल्या बातम्यांमुळेही गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये दंड खराच आहे. ऑगस्ट २०२४ पासून तिथे प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे, २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड आणि २८ दिवसांत भरल्यास १६० पौंड असा दर आहे. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०, आणि त्यानंतर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तर दांडी मारणाऱ्या मुलावरच फौजदारी खटला चालायचा. तो प्रकार १ सप्टेंबर २०१५ पासून बंद झाला, पालकाचा दंड मात्र तिथे अजून आहे. यातलं काहीही महाराष्ट्रातल्या शाळेला लागू नाही.

नाव कमी करण्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, त्यावरून काही शाळा "आता कायदा बदलला आहे" असं सांगतात. काढून टाकण्याची मनाई त्या दुरुस्तीतही जशीच्या तशी ठेवली आहे. शिवाय तुमचा मुलगा सातवीत आहे, त्यामुळे त्या परीक्षेचाही प्रश्न यंदा नाही.

तरीही नावं जातात. कशी, ते नीट वाचा, कारण बहुतेक पालक इथेच फसतात. शाळा सहसा स्वतः नाव काढत नाही. ती पालकाकडून एक अर्ज लिहून घेते: "कौटुंबिक कारणास्तव माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा." खाली तुमची सही. कागदावर आता शाळेने काढलेलं नाही, तुम्हीच नेलेलं आहे. पुढे तक्रार केली तर तोच अर्ज तुमच्यासमोर ठेवला जातो. दाखला निघाला की शाळांच्या ऑनलाइन नोंदीत मूल ड्रॉपबॉक्समध्ये जातं आणि दुसऱ्या शाळेने ओढून घेईपर्यंत कुठल्याच पटावर राहत नाही. अशी मध्ये लटकलेली मुलं वर्षभर कुणाच्या मोजणीत येत नाहीत. म्हणून दुसऱ्या शाळेत जागा नक्की झाल्याशिवाय, आणि मुलाला खरोखर शाळा बदलायची असल्याशिवाय, असा अर्ज लिहू नका. आधीच लिहून दिला असेल तरी दार बंद झालेलं नाही. वर्षाच्या मध्यातही प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला हे कारण नवीन शाळेला सांगता येत नाही.

यात आणखी एक बाजू आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांची किती पदं मंजूर करायची (यालाच संच मान्यता म्हणतात) हे पटावरच्या मुलांच्या संख्येवर ठरतं. त्यामुळे काही शाळा न येणाऱ्या मुलांना हजेरीपटावर हजर दाखवत राहतात. राज्यभर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ दरम्यान जी पटपडताळणी झाली, ती याच रोगासाठी होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत उलट ओढ दिसते, पण कागदावर काय आहे ते तोंडी बोलण्यावरून कळणार नाही. हजेरीपट पाहायला मागा. पाच आठवड्यांत तो कोणत्या तारखांना हजर आणि कोणत्या तारखांना गैरहजर लावला आहे, याची साक्षांकित प्रत घ्या. शाळा टाळाटाळ करू लागली, तर अनुदानित शाळा माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. पण एवढ्यावर जायची वेळ क्वचित येते. पालकाने लेखी मागितलं की बहुतेक शाळा देतात.

लेखी मागणं म्हणजे एक साधं पत्र, आणि ते याच आठवड्यात द्या. मुख्याध्यापकांच्या नावाने, वर तारीख, मुलाचं नाव, वर्ग आणि जनरल रजिस्टर क्रमांक. मजकूर चार ओळींचा पुरे: मुलगा अमुक तारखेपासून अनियमित असल्याचं मला अमुक तारखेला कळलं, त्याचं शिक्षण या शाळेतच सुरू राहावं अशी माझी इच्छा आहे, दाखला मी मागितलेला नाही, त्याच्या दिवसवार हजेरीची प्रत द्यावी आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी वर्गशिक्षकांशी बैठक ठरवावी. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. 'दाखला मी मागितलेला नाही' हे वाक्य विसरू नका, पुढे सगळं त्यावर उभं राहतं.

या पत्राला दुसराही एक उपयोग आहे, आणि तो थेट गॅरेजशी जोडलेला आहे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवणं पूर्ण बंद झालं. त्यापाठोपाठ २०१७ मध्ये नियमांत भर पडली: एखादं मूल मुख्याध्यापकांना न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं, तर मुख्याध्यापकांनी ते बालमजुरीविषयीच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं. कायद्याने गैरहजेरीला काही अर्थ दिला आहे तो असा. गैरहजेरी ही मुलाची चूक म्हणून मोजायची नाही, मूल कुणाच्या तरी कामाला जुंपलं गेलंय का याची ती खूण समजायची. महाराष्ट्रात महिन्याहून जास्त सलग गैरहजर असलेल्या मुलाला शाळाबाह्य धरतात, त्यामागेही हाच तर्क आहे. तुमचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस तरी शाळेत जातो, त्यामुळे 'सलग' ही अट आज कदाचित पूर्ण होत नाही. पण नाताळच्या सुट्टीनंतर तो अजिबात गेला नाही तर होईल. मुख्याध्यापकांकडून तशी सूचना गेली, तर ती तुमच्याविरुद्धची तक्रार समजू नका. त्यांनी त्यांचं कर्तव्य केलं एवढाच तिचा अर्थ.

शिक्षा आहे ती गॅरेजमालकाला. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवल्यास ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता नोंदवू शकतात. "मी ठेवलेलं नाही, तो आपणहून येतो, चहापाण्याला देतो" हा बचाव प्रत्येक मालक करतो. रोज ठरावीक वेळ, हातात पैसे आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात, एवढं दिसलं की तो बचाव टिकणं अवघड असतं. गॅरेज मुलाच्या काकाचं किंवा मामाचं असेल तर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत आहे, पण तीही शाळेची वेळ सोडून, दिवसात ३ तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत नाही आणि धोक्याच्या कामात तर मुळीच नाही. शाळेच्या वेळेत केलेलं काम कोणत्याही नात्याने मदत ठरत नाही.

पालकाचं काय? हा कायदा पालकाला अगदी सोडत नाही, पण खूप जपून धरतो. मुलाला व्यावसायिक कामाला तुम्हीच परवानगी दिली असेल तरच तुमचा प्रश्न येतो, पहिल्या वेळी शिक्षा नाही, आणि पुन्हा तेच केलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. 'दंड तुम्हाला बसेल' या वाक्यात खरेपणाचा जेवढा अंश आहे तो इथेच, आणि तोही शाळा बुडवल्याबद्दल नाही. तुमची परवानगी नव्हती हे दाखवायला वरचं पत्रच कामी येतं. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मात्र 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर संपतं. म्हणून गॅरेजवर स्वतः जा, सोबत दोन माणसं घ्या आणि मालकाला स्पष्ट सांगा की उद्यापासून मुलगा येणार नाही. तरीही त्याला बसवून घेतलं तर सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे किंवा १०९८ वर कळवा. केंद्राच्या पेन्सिल पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ओळखीचा माणूस आहे म्हणून अनेक पालक इथे थांबतात. थांबू नका. बारा वर्षांच्या पोराला हातात आयते पैसे मिळायची सवय लागली की शाळेतला बाक त्याला रोज थोडा जास्त परका वाटतो.

पोलिसांबद्दल. शाळेच्या वेळेत बाहेर दिसला म्हणून पोलीस मुलाला अटक करू शकत नाहीत. फार तर विचारपूस करून घरी किंवा शाळेत पोहोचवतील. काम करताना, भीक मागताना किंवा बेवारस फिरताना मूल आढळलं, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं आणि २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे जातं. हे न्यायालय नाही. अध्यक्ष आणि चार सदस्यांची समिती असते, मुलाशी बोलते, सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो १५ दिवसांत यावा आणि पूर्ण चौकशी चार महिन्यांत संपावी अशी मुदत आहे. "समिती मूल काढून घेऊन बालगृहात टाकते" ही भीती मी नेहमी ऐकतो. कायद्याचं तत्त्वच असं आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आई-वडील आहेत, घर सुरक्षित आहे, पालक स्वतः मुलाला घेऊन आले आहेत, अशा प्रकरणात समुपदेशन आणि शाळेत परत पाठवण्याचा आदेश, हाच सर्वसाधारण मार्ग. एकल पालक किंवा पालकाचा गंभीर आजार अशी स्थिती असेल तर बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपयांची मदतही समितीमार्फत मिळते. तुमच्या घराला ती लागू होईल असं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी होईल.

एका प्रसंगी मात्र पोलिसांकडे जायला क्षणभरही उशीर करायचा नाही. मुलगा संध्याकाळी घरी आलाच नाही तर. १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. "रात्रभर वाट पाहा, येईल" असं ठाण्यात सांगितलं तर ऐकू नका.

यापुढचा प्रश्न कोणत्याही कलमाने सुटत नाही, पण उत्तर मिळाल्यावर कोणतं कलम लागतं ते ठरतं. मुलगा शाळेत का जात नाही? त्याला रागावून विचारलं तर तो 'कंटाळा येतो' एवढंच म्हणेल. घरात मारलं तर तेही सांगणार नाही. आणि मुलाला क्रूरपणे वागवणारा पालक असला तरी बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ त्यालाही लागू होतं. शांतपणे, दोन-तीनदा, शक्यतो आईने किंवा मामा-मावशीने विचारावं. कुणा शिक्षकाने मारलं किंवा वर्गासमोर अपमान केला असेल, तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केले आहेत आणि त्या शिक्षकावर सेवा नियमांनुसार कारवाई करता येते. कुणी लैंगिक त्रास दिल्याची शंका आली, तर तो पोक्सोचा, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा विषय. ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं शाळेवरही बंधनकारक आहे, न दिल्यास शिक्षा आहे. आणि सर्वांत सामान्य कारण, जे सातवीत फार दिसतं: वाचन किंवा गणित दोन-तीन वर्षं मागे राहिलेलं असतं आणि वर्गात बसणं म्हणजे रोज सहा तास न समजणारी भाषा ऐकणं होतं. अशा मुलाला गॅरेजवर पहिल्यांदा कुणीतरी 'शाब्बास' म्हणतं. पटाबाहेर गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची सोय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. ते प्रशिक्षण किमान ३ महिने, जास्तीत जास्त २ वर्षं चालतं. पटावर असलेल्या मुलासाठी तीच मदत बैठकीत वर्गशिक्षकांकडून मागून घ्यावी लागते. म्हणून पत्रात त्या बैठकीची ओळ आहे.

शाळेने ऐकलंच नाही तर पुढची पायरी. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, विषय तिथे ठेवा. त्यानंतर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार. ग्रामीण भागात ती पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. सातवीचा वर्ग हायस्कूलला जोडलेला असेल तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आणि माध्यमिक, दोन्ही शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत पाठवा, नाहीतर फाइल 'आमच्याकडे येत नाही' म्हणून फिरत राहते. सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तीन महिने म्हणजे शाळेचं जवळजवळ अर्धं सत्र. म्हणून तक्रार चालू असतानाही मुलाला रोज शाळेच्या दारापर्यंत नेऊन सोडा. आत घेतलं नाही तर त्या दिवसाची तारीख आणि कोण काय म्हणालं ते वहीत लिहून ठेवा.

मुलाच्या बाबतीतला क्रम एकदा सलग सांगतो: गॅरेज आज बंद, पत्र आणि पोच याच आठवड्यात, हजेरीची प्रत, मुलाशी शांतपणे बोलणं, वर्गशिक्षकांशी बैठक, आणि हे अडलं तरच तक्रार. दाखल्याच्या अर्जावर सही कोणत्याही टप्प्यावर नाही.

हे वाचणाऱ्यांत कामासाठी गाव सोडणारी कुटुंबं असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवल्यावर जिथे जाल तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं असतं. मूल गावातच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगाम सुरू होण्याआधी करावी लागते.

आता मुलगी. दहावीला शिक्षण हक्क कायदा लागू नाही. तिथे प्रश्न मंडळाच्या हजेरीच्या अटीचा आहे, आणि ती ७५ टक्के आहे. आकडा मांडून पाहा. समजा वर्षाचे कामाचे दिवस १८०, म्हणजे १३५ भरायला हवेत. आजवर १२० दिवस झाले आणि ६० टक्क्यांच्या हिशेबाने ती ७२ दिवस हजर आहे. उरलेल्या ६० पैकी साठही दिवस ती गेली तरी बेरीज १३२ होते. तीन दिवस कमीच. तुमच्या शाळेचे खरे आकडे वर्गशिक्षकांकडून घ्या, पण चित्र बहुधा असंच निघेल. म्हणजे 'आता रोज जाईल' एवढ्याने भागणार नाही, वैद्यकीय कारणास्तव हजेरीतली तूट माफ करण्याचा प्रस्ताव लागेल. तो शाळा विभागीय मंडळाकडे पाठवते आणि निर्णय मंडळ घेतं. शाळेने परस्पर 'बसू देणार नाही' म्हणणं हा अंतिम शब्द नसतो.

या प्रस्तावात कागद कमी पडल्यामुळे नकार येतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र एकटं पुरेसं समजू नका. आजाराच्या तारखा गैरहजेरीच्या तारखांशी जुळल्या पाहिजेत. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. रक्ततपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्यात दाखल केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि आजारपणात तुम्ही शाळेला पाठवलेले अर्ज किंवा मेसेज, सगळं तारखेच्या क्रमाने लावा. परीक्षेनंतर मागच्या तारखेचं प्रमाणपत्र आणलं की संशय येतो. जे आहे ते आत्ताच द्या, फेब्रुवारीत हॉल तिकीट अडल्यावर धावपळ केली तर मंडळाकडेही वेळ उरत नाही.

प्रस्ताव नाकारला गेला तर खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म हा मार्ग आहे, पण त्याची मुदत शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच संपते, म्हणजे यंदासाठी तो उपयोगाचा नाही, पुढच्या वर्षासाठी आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे आणखी दोन पर्याय. पण ७२ दिवस हजर राहिलेल्या आणि खऱ्या आजाराचे कागद असलेल्या मुलीला तिकडे जाण्याची वेळ सहसा येऊ नये. उद्या शाळेत जाल तेव्हा मुलाचं पत्र आणि मुलीचे वैद्यकीय कागद दोन्ही एकदमच न्या, आणि दोन्हींची पोच वेगवेगळी घ्या.